चकचकीत आयकॉन कशात करावा: फोटोशॉप, गिम्प, इंकस्केप की अ‍ॅफिनिटी?

एकच चकचकीत आयकॉन करायचा असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, काम होतं. गोल काढा, निळा ग्रेडियंट (एका छटेतून दुसरीत हळूहळू जाणारा रंग) भरा, वरच्या अर्ध्या भागावर पांढरट चमक टाका, खाली सावली सोडा, झालं. खरा प्रश्न दुसऱ्या आयकॉनपासून सुरू होतो. तसाच हिरवा हवा, त्याच चमकेचे आणखी दहा हवेत, सगळे १६ पिक्सेलमध्येही हवेत, आणि सगळं संपल्यावर कुणीतरी म्हणतं की कोपरे जरा अजून गोल करा. सॉफ्टवेअर निवडताना हा टप्पा डोळ्यांसमोर ठेवायला हवा. म्हणून पुढची तुलना मी तीन गोष्टींवर केली आहे: एकदा केलेली चमक नंतर किती सहज बदलते, दुसऱ्या आकारावर किती सहज जाते, आणि आयकॉन लहान झाला की तिचं काय होतं.

आधी हे ठरवा: चमक तुम्ही काढायची आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ॲपलने २००० साली मॅकसाठी अ‍ॅक्वा हा इंटरफेस दाखवला आणि ओलसर, काचेसारखी बटणं सगळीकडे पसरली. २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झालं तेव्हा आयफोनच्या आयकॉनसाठी डेव्हलपरने साधं चौकोनी चित्र द्यायचं आणि गोल कोपरे व वरची चमक सिस्टीमने चढवायची अशी पद्धत होती. चमक नको असेल तर अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये तसं नोंदवावं लागायचं. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांच्या आयकॉनवर चमकेवर चमक चढायची. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये ती चमक गेली आणि सपाट आयकॉनांचा काळ आला.

२०२५ मध्ये ॲपलने लिक्विड ग्लास आणलं आणि गोष्ट पुन्हा तिथेच आली आहे. नव्या सिस्टीमसाठी आयकॉन कंपोझर नावाचं वेगळं साधन आहे, ते मॅकवरच चालतं. त्यात तुम्ही सपाट लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) एसव्हीजी (व्हेक्टर आकारांची फाइल) किंवा पीएनजी (पिक्सेलची फाइल) म्हणून द्यायचे. काचेची चमक, धूसरपणा, सावली ही सिस्टीमची कामं. त्यामुळे काम फक्त ॲपलच्या नव्या सिस्टीमसाठी असेल तर हाताने चमक काढण्यात वेळ घालवू नका. स्वच्छ, सपाट व्हेक्टर आकार (पिक्सेलऐवजी रेषांनी साठवलेले, कितीही मोठे केले तरी न फाटणारे) देणारं कोणतंही सॉफ्टवेअर घ्या. बाकी सगळीकडे, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम, खेळांमधली बटणं, वेबसाइट, प्रेझेंटेशन, चमक अजूनही आपणच काढायची असते.

चमक कशाची बनते

सॉफ्टवेअरची तुलना समजायची तर चमकेचे भाग वेगळे दिसायला हवेत. पहिला भाग म्हणजे मूळ रंगाचा ग्रेडियंट. इथेच प्लास्टिक आणि काच वेगळी होते. अपारदर्शक प्लास्टिकवर वरून उजेड पडला की खालचा भाग गडद दिसतो. काचेतून मात्र उजेड आत शिरून खाली साठतो, म्हणून काचेचा आयकॉन वर गडद आणि खाली उजळ असतो. बरेच जण हा ग्रेडियंट उलटा भरतात आणि मग ‘काचेसारखं का दिसत नाही’ म्हणून इफेक्टवर इफेक्ट लावत बसतात.

दुसरा भाग म्हणजे वरचा पांढरा हायलाइट. त्याची खालची कड धारदार असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत, ओला वाटतो. कड विरघळती असेल तर साटिनसारखा. तिसरा भाग तळाशी उमटणारा उजेड, चौथा कडेची बारीक उजळ रेघ, आणि पाचवा खालची सावली. सावली काळी ठेवू नका. मूळ रंगाचीच खूप गडद छटा घेतली तर आयकॉन जमिनीवर ठेवल्यासारखा वाटतो. काळीने मळकट दिसतो.

हे पाच भाग तुम्ही इफेक्ट म्हणून लावता, आकार म्हणून काढता की पिक्सेल म्हणून रंगवता, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

फोटोशॉप: लेअर स्टाइलचं घर

फोटोशॉपची खरी ताकद लेअर स्टाइल, म्हणजे लेअरवर चढवायचे तयार इफेक्ट. २००० साली आलेल्या ६.० पासून ती आहे, आणि त्या काळातले चकचकीत आयकॉन शिकवणारे बहुतेक धडे तिच्यावरच बेतलेले होते. शेप टूलने गोल काढला की त्याच एका लेअरवर ग्रेडियंट ओव्हरले (वरून चढवलेला ग्रेडियंट), इनर ग्लो (आतला उजेड), इनर शॅडो (आतली सावली), स्ट्रोक (कडेची रेघ) आणि ड्रॉप शॅडो (बाहेरची सावली) बसतात. पाचपैकी चार भाग एका लेअरमध्ये, आणि सगळे नंतर बदलता येणारे. २०१५ पासून एकाच लेअरवर एकाहून जास्त ग्रेडियंट ओव्हरले किंवा इनर शॅडोही लावता येतात. त्यामुळे कडेची उजळ रेघ आणि आतली गडद सावली या दोन्हीसाठी वेगळे लेअर करावे लागत नाहीत.

हायलाइटसाठी वरती दुसरा लंबगोल काढावा आणि त्याला पांढऱ्यापासून पारदर्शकपर्यंत जाणारा ग्रेडियंट ओव्हरले द्यावा. इथे लेअर पॅनेलमधली ‘फिल’ आणि ‘ऑपॅसिटी’ (अपारदर्शकता) ही जोडी कामाची ठरते. ऑपॅसिटी कमी केली की इफेक्टही फिके पडतात. फिल शून्य केलं की लेअरचा स्वतःचा रंग जातो आणि इफेक्ट मात्र पूर्ण राहतो. हायलाइटच्या लेअरला फिल शून्य ठेवलं की नुसती चमक उरते.

एका आयकॉनची स्टाइल कॉपी करून बाकीचे दहा लेअर एकदम निवडून त्यांच्यावर पेस्ट करता येते. रंग बदलायला ग्रेडियंटचे दोन रंग बदलायचे, बस्स. बदलाच्या कसोटीवर इथवर फोटोशॉप पुढे आहे.

अडचण आकार बदलताना येते. लेअर फ्री ट्रान्सफॉर्मने निम्मा केला तर आकार निम्मा होतो, पण इफेक्टचे आकडे तसेच राहतात. २५६ पिक्सेलच्या आयकॉनवर शोभणारा १२ पिक्सेलचा इनर ग्लो ६४ पिक्सेलवर बराचसा आतला भाग गिळून टाकतो. उपाय दोन आहेत: आधी स्मार्ट ऑब्जेक्ट (लेअर आणि त्याचे इफेक्ट एकत्र बांधलेला गठ्ठा) करून मग लहान करणं, किंवा पूर्ण चित्र लहान करताना इमेज साइझच्या खिडकीत ‘स्केल स्टाइल्स’ चालू ठेवणं. आणखी एक सवय लावून घ्यावी. ‘ग्लोबल लाइट’ चालू असेल तर एका लेअरवर प्रकाशाचा कोन बदलला की फाइलमधल्या सगळ्या लेअरवर बदलतो. पूर्ण संचाचा प्रकाश एकाच दिशेने यावा यासाठी हे उत्तम, फक्त सुरुवातीलाच कोन ९० अंश, म्हणजे थेट वरून, करून ठेवा.

बेव्हल अँड एम्बॉसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काचेच्या चमकेसाठी तो वापरू नये. तो कडा उचलून दाखवतो, पृष्ठभागावरचं प्रतिबिंब दाखवत नाही. त्याने केलेला आयकॉन लगेच ओळखू येतो आणि जुनाट वाटतो.

फोटोशॉप सबस्क्रिप्शनवरच मिळतं. ते आधीपासून असेल आणि फार मोठा संच नसेल तर दुसरीकडे जायची गरज नाही. केवळ आयकॉनांसाठी ते घ्यावं असं मात्र मला वाटत नाही, कारण याच पद्धतीने काम करणारं फोटोपी ब्राउझरमध्ये फुकट चालतं. ते पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडतं, लेअर स्टाइल आणि स्मार्ट ऑब्जेक्ट समजतं, आणि फाइल तुमच्याच संगणकावर हाताळतं, कुठे अपलोड करत नाही. जाहिराती दिसतात आणि खूप मोठी फाइल असेल तर ब्राउझरची मेमरी आड येते, पण आयकॉनाच्या फाइली मोठ्या नसतातच. जुने फोटोशॉपचे धडे बघून शिकायचं असेल तर फोटोपीपासून सुरुवात करावी.

गिम्प: शेवटचा हात फिरवायला उत्तम, पाया घालायला अवघड

गिम्प या पिक्सेलवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीची बरीच मतं जुनी झाली आहेत. पूर्वी सावली किंवा ब्लर लावला की तो पिक्सेलमध्ये मुरायचा, बदल करायचा तर अनडू करून पुन्हा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून फिल्टर लेअरला चिकटून राहतात. केव्हाही उघडून आकडे बदला, बंद करा, काढून टाका. चकचकीत आयकॉनासाठी हा फार मोठा फरक आहे.

तरीही आकाराचा प्रश्न उरतो. गिम्पमध्ये गोल किंवा गोल कोपऱ्यांचा चौकोन काढायची नेहमीची रीत म्हणजे सिलेक्शन करून रंग भरणं. भरला की तो पिक्सेल झाला. कोपरे बदला म्हटलं की पुन्हा सिलेक्शन, पुन्हा भरणं, हायलाइटही पुन्हा कापणं. शिवाय ‘अल्फा टू सिलेक्शन’ (लेअरच्या रंगलेल्या भागाचं सिलेक्शन) करून एकाच आकारावर लेअर चढवत गेलात तर कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल एकमेकांवर साचतात आणि बारीक किनार उमटते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती दिसत नाही, गडद पार्श्वभूमीवर लगेच दिसते. टाळायची असेल तर सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपलाच एक मास्क (बाहेरचा भाग झाकणारा साचा) द्यावा. कड एकदाच कापली जाते आणि स्वच्छ राहते.

गिम्पची जमेची बाजू वेगळीच आहे. विंडोजची आयको फाइल ते थेट लिहितं. प्रत्येक लेअर म्हणजे एक माप: १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेलचे चार लेअर ठेवा, एक्सपोर्ट करा, चारही मापं एका फाइलमध्ये. २५६ चं माप पीएनजी पद्धतीने दाबून ठेवायचा पर्यायही तिथेच मिळतो. विंडोज व्हिस्टापासून हीच रीत आहे. दुसरं म्हणजे, ग्रेडियंट टूलमध्ये डिदरिंगचा (छटांच्या सीमेवर बारीक ठिपके मिसळण्याचा) पर्याय आहे. गडद निळ्यासारख्या रंगात हळुवार ग्रेडियंट ८ बिटमध्ये पट्टे पाडतो, तिथे तो कामी येतो. तेव्हा मी गिम्पकडे आयकॉन जन्माला घालायचं साधन म्हणून बघत नाही. दुसरीकडे काढलेला आयकॉन पिक्सेल पातळीवर नीट करून बांधणीत बसवायला ते सगळ्यात सोयीचं.

इंकस्केप: चमक स्वतः काढायची तर

संच करायचा असेल आणि शिकायची तयारी असेल तर माझी निवड इंकस्केप. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्याची मूळ फाइलच एसव्हीजी असते.

यात लेअर स्टाइलसारखं तयार पॅनेल नाही. चमकेचा प्रत्येक भाग आकार म्हणून काढायचा असतो. सुरुवातीला हे काम वाटतं, पण चमक कशाची बनते ते हाताला कळतं. हायलाइट असा होतो: गोलाची कंट्रोल + डी ने प्रत घ्या, तिच्यावर वरून खाली येणारा मोठा लंबगोल ठेवा, दोन्ही निवडा आणि पाथ मेन्यूतून इंटरसेक्शन करा. दोघांचा सामाईक भाग उरतो, तोच हायलाइटचा आकार. त्याला पांढरा रंग द्या आणि उभा ग्रेडियंट लावा, ऑपॅसिटी वर साधारण ७० टक्के, खाली १० टक्के. लंबगोल जितका चपटा, तितकी चमकेची कड सरळ. जितका फुगीर, तितका आयकॉन फुगलेला वाटतो.

इथे एक बारीक गोष्ट सगळी चमक बिघडवू शकते. ग्रेडियंटचं पारदर्शक टोकही पांढरंच ठेवायचं आणि त्याची ऑपॅसिटी तेवढी कमी करायची. टोक ‘पारदर्शक काळं’ राहिलं तर मधल्या भागात रंग पांढऱ्याकडून काळ्याकडे सरकतो आणि चमकेच्या खाली राखाडी डाग येतो. निळ्या आयकॉनवर हा डाग धुळीसारखा दिसतो आणि कारण सापडत नाही.

तळाच्या उजेडासाठी बहुतेक जण ब्लर लावतात. मी तिथे गोलाकार ग्रेडियंट वापरायला सांगेन. शिफ्ट धरून त्याचा केंद्रबिंदू खाली ओढला की उजेड तळाशी साठल्यासारखा दिसतो, ब्लरची गरज राहत नाही. यामागे व्यावहारिक कारणही आहे. एसव्हीजीतला ब्लर हा फिल्टर असतो, आणि सगळीकडे तो चालत नाही. अँड्रॉइडच्या व्हेक्टर ड्रॉएबलमध्ये (तिथल्या व्हेक्टर चित्रांच्या फाइलीत) फिल्टर नाहीतच. ग्रेडियंट बहुतेक ठिकाणी पोचतात. मेश ग्रेडियंटचा (जाळीच्या बिंदूंवर रंग देणाऱ्या ग्रेडियंटचा) मोहही टाळा: इंकस्केपमध्ये सुंदर दिसतो, ब्राउझर तो दाखवत नाहीत.

संचासाठी इंकस्केपचा हुकमी एक्का म्हणजे क्लोन, मूळ आकाराशी जोडलेली प्रत. हायलाइटचा आकार एकदा काढा, ऑल्ट + डी ने क्लोन करून बाकी सगळ्या आयकॉनांवर ठेवा. मूळ आकाराची चमक पाच टक्क्यांनी कमी केली की सगळीकडे कमी होते. ‘कोपरे जरा गोल करा’ हे वाक्य इथे घाबरवत नाही. आकार लहान-मोठा करताना ग्रेडियंटही सोबत मोजला जावा यासाठी वरच्या पट्टीतलं ग्रेडियंटचं बटण चालू आहे ना, एवढं पाहायचं.

व्ह्यू मेन्यूतला आयकॉन प्रिव्ह्यू तर खास याच कामासाठी आहे. काढता काढता तोच आयकॉन १६, ३२, ४८ पिक्सेलला कसा दिसतो ते शेजारी दिसत राहतं. उणिवा सांगायच्या तर ब्लर जास्त झाले की प्रोग्रॅम जड होतो, आणि फोटोचा पोत किंवा धूळ, ओरखडे असलं काही हवं असेल तर इंकस्केप त्यासाठी नाही.

अ‍ॅफिनिटी: दोन्हीकडचं थोडं थोडं

२०१४ मध्ये अ‍ॅफिनिटी डिझायनर आलं तेव्हा एकदा विकत घ्या आणि वापरा अशी त्याची रीत होती. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून व्हेक्टर, पिक्सेल आणि लेआउट तिन्ही एकत्र केलेलं अ‍ॅफिनिटी फुकट मिळतं. कॅनव्हाचं खातं मात्र लागतं. लिनक्सवर नाही.

चकचकीत आयकॉनासाठी याची रचना मला फार पटते. आकार व्हेक्टर राहतो आणि त्यावर फोटोशॉपसारखे इफेक्ट बसतात. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ वर खूण केली की आकार लहान होताना इफेक्टही त्याच प्रमाणात लहान होतात, म्हणजे फोटोशॉपची वर सांगितलेली मोठी अडचण इथे एका खुणेत सुटते. एक लेअर दुसऱ्याच्या आत ओढला की तो आपोआप त्या आकारात कापला जातो, त्यामुळे हायलाइटसाठी इंटरसेक्शन करायचीही गरज नाही. नुसता लंबगोल गोलाच्या आत टाका, आणि नंतर हवा तसा हलवत बसा. सिम्बॉलमुळे, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या प्रतींमुळे, एक बदल संचभर पोचतो. तुम्ही मॅक किंवा विंडोजवर असाल, फोटोशॉपची सवय असेल आणि सबस्क्रिप्शन नको असेल, तर सरळ हे घ्या. एसव्हीजी हवी असेल तेव्हा मात्र जपून. एसव्हीजीत न मावणारे इफेक्ट एक्सपोर्ट करताना पिक्सेलचे तुकडे होऊन जातात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलमुळे एकाच आकारावर अनेक फिल चढवून चमक करता येते; ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी तेच वापरावं. क्रिटामध्ये २०१५ पासून लेअर स्टाइल आहेत, पेन टॅब्लेटवर रंगवून आयकॉन करणाऱ्यांना ते आवडेल. फिग्मात इनर शॅडो आणि कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचे भाग) चांगले आहेत, बटणांपुरतं पुरतं.

लहान माप ही खरी परीक्षा

२५६ पिक्सेलवर कडेची एक पिक्सेलची उजळ रेघ सुंदर दिसते. तोच आयकॉन १६ पिक्सेलला आणला की तिच्या वाट्याला पिक्सेलचा सोळावा भाग येतो. ती दिसत नाही, पण कड मात्र फिकट, धुरकट करून जाते. कोणतंही सॉफ्टवेअर हे आपोआप सांभाळत नाही. १६ आणि ३२ साठी वेगळं चित्र करावंच लागतं: कडेची रेघ काढून टाका, तळाचा उजेड काढून टाका, हायलाइट मात्र अधिक ठळक करा आणि त्याची कड बरोबर पिक्सेलच्या सीमेवर बसवा. १६ पिक्सेलला वरचा अर्धा उजळ आणि खालचा अर्धा गडद एवढ्यावरच डोळा ‘चकचकीत’ म्हणतो.

हे करताना आयकॉन शंभर टक्के मापात सतत समोर हवा. इंकस्केपमध्ये प्रिव्ह्यू आहे. फोटोशॉप आणि गिम्पमध्ये त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडून ती मूळ मापात ठेवता येते, आणि मोठ्या खिडकीत काम चालू ठेवता येतं.

फोनसाठी अजून एक पाहावं लागतं. अँड्रॉइड ८.० पासूनच्या अ‍ॅडाप्टिव्ह आयकॉनात चित्र १०८ डीपीचं (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) असतं, पण कापून दाखवताना मधले ६६ डीपीच सुरक्षित धरायचे. गोल की चौकोन ते फोन ठरवतो. त्यामुळे कडेला चिकटवलेली उजळ रेघ किंवा बाहेरची सावली इथे वाया जाते, कधी अर्धी कापली जाऊन विचित्र दिसते. प्ले स्टोअरसाठी ५१२ पिक्सेलचं चित्र पूर्ण चौकोनी द्यायचं असतं, कोपरे आणि सावली तिकडे लागतात. अशा कामात चमक आकाराच्या मध्यावर राहील अशी काढावी, आणि ती अशी हलवायला व्हेक्टर सॉफ्टवेअरच सोपं जातं.

फाइल पुढे कुणाकडे जाणार?

हा मुद्दा बहुतेक वेळा शेवटी आठवतो. डेव्हलपर एसव्हीजी मागत असेल तर इंकस्केपमध्ये ग्रेडियंटवर केलेली चमक जशीच्या तशी जाते. फोटोशॉपची लेअर स्टाइल तशी जात नाही. दुसरा डिझायनर पीएसडी मागत असेल तर फोटोशॉप किंवा फोटोपी. दोन्ही मागतील असं वाटत असेल तर आकार इंकस्केप किंवा अ‍ॅफिनिटीत काढा, प्रत्येक मापाचं पीएनजी तिथून काढा, आणि १६ व ३२ ची मापं गिम्पमध्ये उघडून पिक्सेल नीट करून आयको बांधा. हायलाइटच्या लेअरला ‘हायलाइट’, तळाच्या उजेडाला ‘तळ उजेड’ अशी नावं त्याच वेळी देऊन ठेवा. पुढच्या माणसाला चमक कमी करायची असेल तेव्हा ‘लेअर १४ कॉपी २’ मधून शोधत बसावं लागणार नाही.